दीवला गेले, वसईवर रागावून आले

आईला सोमनाथ घडवायचं होतं, ते झालं. एक दिवस हाताशी उरला म्हणून दीव. ऊना मागे पडलं, पूल ओलांडला आणि दारूच्या दुकानांच्या पाट्या सुरू झाल्या. ड्रायव्हरने गृहीतच धरलेलं, ‘नागवा बीच ना?’ मागे पंचाहत्तरीची आई, मांडीवर प्रसादाची पिशवी. म्हटलं, दादा, गावात सोडा.

दीव हे बेट. पूर्वेच्या टोकाला किल्ला, त्याला लागून गाव आणि गावाच्या पश्चिमेला बेट आडवं कापत गेलेली तटबंदी. तीन बाजूंनी पाणी, चौथीला भिंत. त्या भिंतीतला झांपा दरवाजा लाल रंगवलाय, त्यावर सिंह, देवदूत आणि एक पाद्री कोरलेत. मी वसईची, असले दरवाजे मला नवे नाहीत. पण आमच्या दरवाज्यातून आत गेलं की झाडी, पडकी चर्चेस आणि प्री-वेडिंगवाले. इथे आत पाऊल टाकलं तर मागून दूधवाला हॉर्न देतोय.

गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की रिक्षा आली की कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. असंच एका ओट्यावर चढलो तर तिथे एक बाई तांदूळ निवडत होत्या. आईचं गुजराती किराणा दुकानापुरतं, पण तेवढ्यावर तिने अर्धा तास काढला. बाईंचे सासरे मोझांबिकला होते, मुलगा इंग्लंडमध्ये. दीवच्या व्यापाऱ्यांचा मोझांबिकशी कापडाचा आणि हस्तिदंताचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला आणि १९६१च्या डिसेंबरपर्यंत इथे पोर्तुगिजांचं राज्य, त्यामुळे पुढे कित्येक घरांतून लिस्बन आणि तिथून इंग्लंड असा रस्ता पडला. घराच्या दर्शनी भिंतीवर चुन्यातली वेलबुट्टी, निळ्या रंगाचे पापुद्रे सुटलेले. त्या वेलबुट्टीतच खिळा ठोकून दोरी बांधलेली. दोरीवर शाळेचे पांढरे मोजे.

किल्ल्यावर लिहायला बसले तर रात्र सरेल. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने हुमायूनच्या धास्तीने वसई पोर्तुगिजांना दिली, मुंबईची बेटंही त्यातच गेली. पुढच्याच वर्षी दीवला किल्ला बांधायची परवानगी. म्हणजे दीव आणि वसई एकाच माणसाच्या भीतीतून निघालेल्या सख्ख्या बहिणी. बहादूरशहा स्वतः १५३७ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नरला भेटायला जहाजावर गेला आणि इथल्याच पाण्यात मेला. मग १५३८ आणि १५४६ चे दोन वेढे. दुसऱ्यात तेव्हाचा पोर्तुगीज गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याचा मुलगा गेला, तट ढासळला, बांधायला पैसे नाहीत. गोव्याच्या नागरिकांकडे कर्ज मागताना मुलाची हाडंच तारण ठेवायचं त्याच्या मनात होतं. ती पाठवण्याजोगी नव्हती, म्हणून स्वतःच्या दाढीचे केस पाठवले. गोवेकरांनी पैसे दिले आणि दाढी परत केली. आई म्हणाली, ‘हे आपल्या बँकेत सांगून बघ.’

नायडा गुंफा तटाबाहेर आहेत. गुंफा कसल्या, दगडाच्या खाणीच त्या. वरच्या भोकांतून उन्हाचे खांब उतरतात आणि भिंतीवर हत्यारांचे घाव पायरी-पायरीने दिसतात. तटाचा दगड इथलाच, असं सांगतात. आई बाहेर सावलीत बसली. गुडघे.

आता वाद ओढवून घेते. वसईत आम्ही चिमाजीअप्पांचा १७३९ चा विजय साजरा करतो, करायलाच हवा. नाशिकची नारोशंकराची घंटा त्या विजयातलीच. पण जिथली घंटा नेली ते शहर पुढे कुणी नांदवलं? नाव बाजीपूर ठेवलं, १७८० मध्ये इंग्रज आले, आणि तटाच्या आत हळूहळू झाडं राहायला आली. दीव पोर्तुगिजांकडे राहिलं म्हणून जगलं, असा याचा अर्थ काढू नका. मला तरी ते तिथल्या व्यापाऱ्यांमुळे जगलेलं दिसलं. ते तटाच्या आत घरं बांधून राहिले, आणि वर झेंडा कुणाचाही असो, खाली दुकान उघडत राहिले. आमच्याकडे आत मुख्यतः फिरंगी उमराव आणि पाद्री. ते गलबतांत बसून निघून गेले. राहिलं काय, तर दगड. त्या दगडांची आम्ही साफसफाई करतो, मशाली लावतो, फोटो टाकतो. मीही टाकलेत, खाली स्क्रोल करा. आज तिथे कुणी राहायला जावं असं म्हणत नाही, पुरातत्त्वाचे कायदे मलाही ठाऊक आहेत. पण विजयाच्या भाषणात एकदा तरी कुणी त्या रिकाम्या शहराचं नाव काढावं.

संध्याकाळी त्याच गल्लीतून परत निघालो. मोजे काढून नेले होते, दोरीवर नुसते चिमटे. बाईंनी आईला विचारलं, तुमच्याकडेही असाच किल्ला आहे म्हणता, तर तिथे आत कोण राहतं?

आई जरा थांबली. मग म्हणाली, ‘नागेश्वर आणि वज्रेश्वरी.’

‘बे ज?’