ग्रीसच्या भरवशावर कॅमशाफ्ट ओढू नका

रविवारी सकाळी कराडहून काकांचा फोन आला. "रेडिएटर उतरवलाय. आता टायमिंग कव्हर काढतो आणि कॅम ओढतो. हेडला हात लावायची गरजच नाही म्हणे." कोण म्हणे, तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा चार मिनिटांचा व्हिडिओ. तोच मलाही तीन ग्रुपवर आला होता. काकांनी तो दोनदा बघितला, बाजारातून चासी ग्रीसचा डबा आणला आणि आजोबांच्या वेळच्या महिंद्रा जीपचं बॉनेट उघडलं. मी एवढंच म्हणालो, "काका, पाना खाली ठेवा. मी निघालो." पुणे ते कराड गाडी चालवताना डोक्यात जे घोळत होतं ते आता लिहून काढतो, कारण हा व्हिडिओ आणखी कुणाच्या तरी काकांपर्यंत पोचलाच असणार.

त्यातलं म्हणणं थोडक्यात असं. पुशरॉड (व्हॉल्व्हपर्यंत ढकल पोचवणाऱ्या सळया) असलेल्या कुठल्याही इंजिनाचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा, हेड (सिलिंडरवरचं झाकण) न उतरवता बदलता येतो. कॅमला दोन फेरे दिले की लिफ्टर, म्हणजे कॅमवर टेकून वर-खाली होणारे, आपण ज्यांना टॅपेट म्हणतो ते, वर ढकलले जातात आणि तेलाच्या चिकटपणाने तिथेच राहतात. शंका असेल तर ग्रीस लावा. एखादा पडलाच तर तो चेंबरच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) तळाशी निवांत पडून राहतो, फार तर ड्रेन प्लगमधून चुंबकाने ओढून घ्या. आणि जुनेच टॅपेट नव्या कॅमवर बिनधास्त चालतात.

यात एक अर्धसत्य आहे, ते आधी मान्य करून टाकतो. अमेरिकेत १९९७ साली शेवरले कॉर्व्हेटमध्ये जे एलएस इंजिन आलं, त्याच्या बाबतीत ही युक्ती खरी आहे. त्या व्ही-८ इंजिनात १६ लिफ्टर असतात आणि चार-चार लिफ्टर प्लास्टिकच्या एकेका ट्रेमध्ये बसतात. रॉकर (पुशरॉडची ढकल व्हॉल्व्हवर देणारे दांडे) आणि पुशरॉड काढून कॅम फिरवला की लिफ्टर वर जाऊन त्या ट्रेमध्ये घट्ट अडकतात. तिकडे हजारो लोकांनी हेड न काढता असे कॅम बदलले आहेत. पण हे काम तेलाच्या चिकटपणाने होत नाही, ट्रेच्या पकडीने होतं. वर्षानुवर्षं गरम तेलात भिजून ते प्लास्टिक सैल पडतं. म्हणून तिकडचे जाणकार मिस्त्री त्यावरही विसंबत नाहीत. ब्लॉकच्या पुढच्या भोकांतून साधारण ८ मिलिमीटर जाडीच्या दोन लांब सळया आत सरकवतात आणि लिफ्टरना खालून आधार देतात. मगच कॅम ओढतात. व्हिडिओवाल्याने सळया गाळल्या, ट्रेचं नाव गाळलं आणि वर 'कुठलंही इंजिन' हे शब्द जोडले.

आता काकांच्या जीपकडे या. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज या अमेरिकन कंपनीच्या जीप जुळवल्या जाऊ लागल्या. पुढे महिंद्राच्या पेट्रोल जीपमध्ये आलेलं हरिकेन इंजिन हे विलीजचंच, २.२ लिटरचं चार सिलिंडरचं. त्याची रचना वेगळी आहे. इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मात्र बाजूला ब्लॉकमध्येच. म्हणजे आठांपैकी चार टॅपेट पुशरॉड ढकलतात आणि उरलेले चार थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बुडाखाली असतात. त्या व्हॉल्व्हवर खाली दाबणारी स्प्रिंग बसलेली असते. कॅम बाहेर काढायचा तर टॅपेट पुरेसा वर हवा, आणि तो तिथे राहायचा तर त्या स्प्रिंगचा दाब सोसायला हवा. हे काम बोटभर ग्रीस करणार? ज्या स्प्रिंगला दाबायला आपल्याला वेगळं हत्यार लागतं, तिला? एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काढल्याशिवाय ते टॅपेट मोकळे होत नाहीत, आणि हेड उतरवल्याशिवाय व्हॉल्व्ह निघत नाहीत. 'हेडला हात लावू नका' हा सल्ला या इंजिनापुरता तिथेच संपला.

बरं, व्हॉल्व्ह काढले असं धरू. तरी नुसता कॅम फिरवून भागत नाही. कॅमशाफ्ट बेअरिंगमधून बाहेर यायचा म्हणजे त्याच्या जर्नलचा (बेअरिंगमध्ये बसणाऱ्या गोल भागाचा) घेर लोबच्या, म्हणजे कॅमवरच्या उंचवट्याच्या, टोकापेक्षा मोठा असलाच पाहिजे, नाहीतर लोब बेअरिंगमध्येच अडकले असते. फिरवल्यावर टॅपेट चढतो तो लोबच्या टोकापर्यंत. तुम्ही कॅम पुढे ओढलात की मागचं जर्नल त्याच्याखाली येतं, आणि ते लोबहून मोठं. एलएसच्या लिफ्टरला खाली रोलर असतो. जीपच्या टॅपेटला सपाट तळ असतो, त्याच्या कडेवर जर्नलची कड सरळ आपटते. मग माणूस काय करतो? जोर लावतो, हलवतो, तिरका करून ओढतो. या इंजिनात कॅमची चार बेअरिंग आहेत. पुढच्यालाच वेगळी बुश (बदलता येणारं कडं) आहे, बाकीची तीन थेट ब्लॉकमध्ये कोरलेली. तिथे ओरखडा पडला तर बदलायला बुश नाही, ब्लॉकच दुखावला.

ग्रीसबद्दल एवढंच सांगतो, पोचल्यावर मी काकांसमोर एक सुटा टॅपेट स्वच्छ पुसला, त्याच ग्रीसने माखला आणि पत्र्याच्या नळीत उभा करून ओट्यावर उन्हात ठेवला. चहा होईपर्यंत तो खाली उतरला होता. जुन्या इंजिनात टॅपेट कधीकधी वरच अडकून राहतात हे खरं आहे, पण ते जळक्या तेलाच्या थरामुळे. तो थर साफ करायचा असतो, त्याच्यावर काम सोपवायचं नसतं.

आता सगळ्यात संतापजनक भाग. 'पडला तर पडू दे, तळाशी बसेल.' टॅपेट जिथून सुटतो तिथून चेंबरपर्यंत मोकळी वाट नसते. मध्ये क्रँकशाफ्ट आहे, कनेक्टिंग रॉड आहेत. लोखंडाचा तो तुकडा क्रँकला असलेल्या तोलाच्या वजनावर किंवा रॉडच्या टोपीवर टेकून राहिला आणि तुम्ही सगळं जोडून सेल्फ मारलात, तर तो फिरणारा क्रँक आणि ब्लॉकची भिंत यांच्यामध्ये चेपला जातो. मग रॉड वाकतो किंवा ब्लॉकला भोक पडतं. तळाशी पोचला तरी धोका टळत नाही, कारण या इंजिनात तेल ओढणारी जाळी चेंबरमध्ये तरंगती असते. तिच्याजवळ सुटं लोखंड ठेवून गाडी घाटात न्यायची? चेंबर पत्र्याचं असतं, चुंबक आत घातलं की ते आधी पत्र्यालाच चिकटतं. त्यातून टॅपेट मिळाला तरी त्याचा तळ त्याच्या बोअरहून रुंद आहे. तो वरून बसत नाही, खालूनच बसवावा लागतो, तोही कॅम बाहेर असताना. म्हणजे नवा कॅम बसवल्यावर टॅपेट पडल्याचं कळलं तर सगळं पुन्हा खोलायचं. आणि कळलंच नाही तर? व्हिडिओवाला त्या वेळी तुमच्या अंगणात उभा नसतो.

जुने टॅपेट नव्या कॅमवर घालायचं म्हणाल तर रोलर लिफ्टर चांगले असतील तर चालतात, सपाट तळाचे चालत नाहीत. ते आपापल्या लोबबरोबर झिजलेले असतात. तळ खोलगट झाला की टॅपेट फिरायचा थांबतो आणि नवा लोब खरवडून निघतो. जुनाच कॅम परत बसवणार असाल तर ज्याचा टॅपेट त्याच्याच जागी गेला पाहिजे. आणि नुसतं रेडिएटर आणि कव्हर काढून भागत नाही. फ्युएल पंपाचा दांडा कॅमवर टेकलेला असतो, ऑइल पंपाचा गिअर कॅममध्ये अडकलेला असतो. दोन्ही आधी काढावे लागतात.

मग टॅपेट धरायचे कसे? यावर डोकं खाजवायची गरजच नाही. विलीजच्या युनिव्हर्सल जीपच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ते सरळ लिहिलेलं आहे. माझ्याकडे त्याची तेलकट झेरॉक्स आहे, तीच घेऊन गेलो होतो. टॅपेट जातील तितके वर ढकला, आणि प्रत्येकाच्या दांड्याला कपडे वाळत घालायचा साधा चिमटा लावा, किंवा व्हॉल्व्हच्या कप्प्यात बांधून ठेवा. ज्यांनी इंजिन बनवलं त्यांनीच हे सांगून ठेवलंय. ज्याला हेड उतरवून बाजूचं कव्हर काढायचं आहे त्याला या चिमट्यांइतकं स्वस्त हत्यार दुसरं नाही. इंजिन गाडीबाहेर काढलंच असेल तर ते उलटं करा, टॅपेट आपल्या वजनानेच कॅमपासून दूर जातात.

आम्ही हेड उतरवलं, चारही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काढले. काकूंनी गच्चीवरच्या दोरीचे लाकडी चिमटे दिले. प्लास्टिकचे नको म्हटलं, तेल लागलं की निसटतात. काकांनी एकेक टॅपेट बोटाने वर दाबला, मी चिमटा लावला, आठ झाले. मग काकांनी कॅम दोन्ही हातांनी धरला आणि न फिरवता, सरळ, हळूहळू पुढे घेतला. चारही जर्नल कुठेही न घासता बाहेर आली. उजेडात धरल्यावर तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टचा लोब बाजूच्यापेक्षा स्पष्ट बसका दिसत होता. मग चेंबर उतरवून टॅपेट खालून काढले. त्या लोबवरच्या टॅपेटच्या तळाला खड्डे पडले होते, नखाला लागत होते. काकांनी तो खिशात घातला आणि दुकानदाराला फोन करून आठही नवे मागवले.