कॅलिबन 'लोगन'साठी जन्माला आला नाही

मार्व्हलच्या 'एक्स-मेन' मालिकेतल्या 'लोगन' (2017) या चित्रपटातला, उन्हात कातडी भाजणारा म्युटंट (जन्मजात विलक्षण शक्ती असलेला माणूस) कॅलिबन केवळ त्या चित्रपटासाठी रचला, कॉमिक्समध्ये तो नव्हताच, असा संदेश फिरतो आहे. हे खरं नाही. वर्षभर आधीच्या 'एक्स-मेन: अपोकॅलिप्स'मध्येही तो होता, नट मात्र वेगळा.

कॉमिक्समध्ये तो 1981 साली 'अनकॅनी एक्स-मेन'च्या 148व्या अंकात आला. लेखक ख्रिस क्लेअरमाँट, चित्रकार डेव्ह कॉक्रम. पांढराफटक, वटारलेल्या डोळ्यांचा, न्यूयॉर्कच्या भुयारांत राहणारा. मुख्य शक्ती: आसपासचा म्युटंट ओळखणं. तो स्वतःबद्दल बोलतानाही 'मी' न म्हणता 'कॅलिबन' म्हणतो, हे मला फार आवडतं. समाजाने टाकलेल्या म्युटंटांची 'मॉर्लॉक्स' ही टोळी, जिच्यातला तो पुढे मानला गेला, 1983 मध्ये 169व्या अंकात आली, म्हणजे त्याच्यानंतर.

तो मुळातला खलनायक, हेही अर्धसत्य. त्याला दिलेल्या वचनात अडकलेल्या, एक्स-मेनमधल्या किटी प्राइडशी त्याचं लग्न ठरलं होतं. तिचं मन नाही हे कळल्यावर त्यानेच तिला मोकळं केलं. अपोकॅलिप्स या खलनायकाकडे तो गेला तो मॉर्लॉक्सच्या कत्तलीनंतर, सुडासाठी बळ हवं म्हणून.