रेशनिंगने लंडनकर निरोगी झाले, हा दावा आकड्यांवर टिकत नाही

‘दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये रेशनिंग आले, लोक कमी खाऊ लागले आणि आजवर कधी नव्हते इतके निरोगी झाले, लंडनच्या ईस्ट एंडसारख्या गरीब वस्तीतही बालमृत्यू आणि साथी घटल्या,’ असा मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. त्यात सत्याचा एक अंश आहे, म्हणूनच तो तपासून पाहणे आवश्यक आहे.

पहिला मुद्दा कालक्रमाचा. रेशनिंग ८ जानेवारी १९४० रोजी सुरू झाले. इंग्लंड आणि वेल्समधील बालमृत्यू दर १९३९ मध्ये हजार जन्मांमागे सुमारे ५१ होता. तो १९४० मध्ये ५७ आणि १९४१ मध्ये ६० झाला, म्हणजे रेशनिंगच्या पहिल्या दोन वर्षांत तो चढला. १९४४ मध्ये तो ४५ पर्यंत उतरला हे खरे आहे. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी दीडशेच्या आसपास असलेला हा दर त्याआधीची चार दशके घसरतच होता.

ईस्ट एंडच्या आकड्यांविषयी अधिक सावध राहायला हवे, कारण तेथे दराचा छेदच, म्हणजे ज्या लोकसंख्येने भागून दर काढतात तो आकडाच, अस्थिर होता. सप्टेंबर १९३९ च्या आरंभी, अवघ्या तीन दिवसांत, देशातील शहरांमधून सुमारे १५ लाख लोक हलवण्यात आले आणि त्यांत बहुसंख्य मुले होती. अनेक जण काही महिन्यांत परतले आणि बाँबवर्षाव सुरू होताच पुन्हा निघून गेले. १९४१ ची जनगणना झालीच नाही. ईस्ट एंडमधल्या स्टेपनी या भागाची लोकसंख्या १९३१ मध्ये सव्वादोन लाख होती, १९५१ मध्ये ती एक लाखाच्या थोडी आतच होती. मधल्या प्रत्येक वर्षाचा आकडा हा अंदाज होता. वस्तीत मुलेच उरली नसतील तर गोवराच्या नोंदी घटणारच, त्यावरून आरोग्य सुधारल्याचे सिद्ध होत नाही. उलट मुले आणि सैन्यात गेलेले धडधाकट तरुण वजा झाल्यावर मागे उरलेल्यांत वृद्धांचे आणि आजाऱ्यांचे प्रमाण वाढते, त्यामुळे ढोबळ मृत्युदर, म्हणजे वयाचा विचार न करता काढलेला दर, आजार न वाढताही फुगतो. गर्भवती स्त्रियांना प्रसूतीसाठी शहराबाहेर पाठवले जाई. तेथील जन्म आईच्या मूळ पत्त्यावर वळते केले की एक दर येतो, न केले की दुसरा. स्थानिक आरोग्य अधिकाऱ्यांचे वार्षिक अहवालही युद्धकाळात संक्षिप्त झाले होते. अशा सारणीतला एखादा स्तंभ उचलून त्याचे घोषवाक्य करणे हा त्या नोंदी ठेवणाऱ्यांवर अन्याय आहे.

मग नंतरची सुधारणा कशामुळे झाली? कमी खाल्ल्यामुळे नव्हे. जुलै १९४० पासून गर्भवतींना आणि पाच वर्षांखालील मुलांना रोज एक पाइंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे अधिक, दूध अल्प दरात आणि गरिबांना फुकट मिळू लागले. पुढे संत्र्याचा रस आणि कॉड लिव्हर ऑइल आले. बेकारी जवळपास संपली. ज्या घरांत पूर्वी दूध परवडत नव्हते, तेथे ते पोचले, म्हणजे गरीब घरांच्या वाट्याला पूर्वीपेक्षा अधिक पोषण आले. जंतुसंसर्गावरच्या सल्फा औषधांनी बाळंतरोगाचे मृत्यू युद्धाआधीपासूनच घटवले होते. घटसर्पाची लस देण्याची देशव्यापी मोहीम युद्धातच उभी राहिली. १९४० मध्ये सुमारे अडीच हजार बळी घेणारा हा रोग १९४५ पर्यंत हजाराच्या आत आला. फिरणाऱ्या त्या मजकुरात लसीचा उल्लेखही नाही, आणि मला ही त्याची सर्वांत गंभीर चूक वाटते, कारण तो वाचून एखादी आई बाळाचे लसीकरण टाळू शकते.

क्षयाचे मृत्यूही हा दावा करणारे सांगत नाहीत. १९४० आणि १९४१ मध्ये ते वाढले. हवाई हल्ल्यांतील जखमींसाठी खाटा हव्यात म्हणून युद्धाच्या आरंभी अनेक क्षयरुग्णांना रुग्णालयांतून घरी पाठवले गेले होते, म्हणजे दाटीच्या घरांत, कुटुंबाच्या सहवासात.

आणि ब्रिटनमध्ये हवाई हल्ल्यांत मारल्या गेलेल्या सुमारे ६० हजार नागरिकांपैकी जवळपास निम्मे लंडनमधले होते. ३ मार्च १९४३ रोजी ईस्ट एंडमधल्याच बेथनल ग्रीनच्या भुयारी रेल्वे स्थानकात आसऱ्यासाठी उतरताना जिन्यावर चेंगरून १७३ जण दगावले, त्यांत ६२ मुले होती. त्या वस्तीचे आरोग्य सांगताना हे मृत्यू वगळता येणार नाहीत.