दुपारच्या १२.६ व्होल्टवर विसंबू नका

नमस्कार सर,

सोलर पॅनेलवर चालणाऱ्या गेटच्या बॅटरीचं व्होल्टेज मोजत राहावं, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर निपाणीहून तुम्ही लिहिलंत की "दुपारी मीटर लावला, १२.६ दिसले, बॅटरी ठणठणीत आहे. रोज मोजायची भीती उगाच घालताय. ट्रॅक्टरची बॅटरी मी कधी मोजली नाही, तीन वर्षांनी बदलतो, बस." एवढ्या आपुलकीनं लिहिलंत म्हणून सविस्तर उत्तर देतोय. एक गोष्ट आधीच मान्य करतो: रोज मोजायची गरज नाही. पण कधी मोजायचं हे मी लेखात नीट सांगितलं नव्हतं, ती चूक माझीच.

दुपारी पॅनेल जोडलेलं असतं. म्हणजे मीटरवर नुसती बॅटरी नाही, चार्जिंगचा दाबही दिसतो. कडक उन्हात तिथे १३.५ च्या वर आकडा हवा. भर उन्हात १२.६ दिसत असेल, तर मला उलट काळजी वाटते. पॅनेलवर धूळ, सैल वायर, नाहीतर बॅटरीतच बिघाड, यांपैकी काहीतरी आहे.

ट्रॅक्टरची तुलना मला पटत नाही. ट्रॅक्टर उभा असताना बॅटरीवर जवळजवळ काहीच भार नसतो आणि इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर ती लगेच भरतो. गेटचं तसं नाही. माझ्या गेटचा रिसीव्हर बोर्ड रिमोटची वाट बघत चोवीस तास ५० मिलिॲम्पिअर खातो, म्हणजे दिवसाला १.२ ॲम्पिअर-तास (बॅटरीतून किती वीज गेली याचं माप). मोटर ५ ॲम्पिअर ओढते, पण एका वेळी फक्त २० सेकंद. दिवसातून दहा वेळा गेट उघडून बंद केलं तरी जेमतेम ०.५५. गेट हलताना जेवढं खातं, त्याच्या दुपटीहून जास्त नुसतं उभं राहून खातं! हा हिशोब मांडला तेव्हा मीही चकित झालो.

आता आमच्या खानापूरचा पाऊस धरा. जुलैत सूर्य दिसत नाही. २० वॅटचं पॅनेल ढगाखाली मला दिवसाला ०.८ च्या आसपास देतं. खर्च १.७५, जमा ०.८. सहा दिवसांत साडेपाचहून जास्त तूट, आणि बॅटरी ७ ॲम्पिअर-तासांची.

गेल्या आषाढात हेच झालं. आईला तापात बेळगावला दाखवून रात्री अकराला परतलो. गेट हातभर सरकलं आणि थांबलं. पाऊस धो धो, आई मागच्या सीटवर कुडकुडतेय, आणि हातानं गेट सोडवायची किल्ली घरात, स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये. शेवटी कुंपणावरून चढून गेलो. त्याच दुपारी मी मीटर लावला होता. ढग जरा फाकले होते आणि आकडा होता १२.६.

म्हणून आता पहाटे मोजतो, पॅनेलवर उजेड पडायच्या आधी. तेव्हा लेड-ॲसिड बॅटरी १२.७ दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, ११.९ म्हणजे संपत आलेली. निम्म्याखाली फार दिवस ठेवली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग ती पूर्ण भरतच नाही. तुमची तीन वर्षं दीडवर येतात ती अशी.

दुसरा आकडा गेट चालू असताना घ्यायचा. सेल्फ मारताना ट्रॅक्टरचा हेडलाईट मंद होतो ना, तेच इथं. बॅटरी नवी होती तेव्हा माझ्याकडे व्होल्टेज ०.४ नं पडायचं. आता पूर्ण भरलेली असूनही १.३ नं पडतं, म्हणजे ही बॅटरी या पावसाआधी बदलायला हवी. तारीख बघून बदलण्यापेक्षा हा आकडा मला जास्त खरा वाटतो.

उद्या सकाळी ऊन यायच्या आत दोन्ही आकडे घ्या, गेट बंद असताना एक आणि सरकताना एक. इथेच लिहा, पॅनेल किती वॅटचं तेही सांगा. आणि सर, ती किल्ली आजच बाहेर कुठेतरी कोरड्या जागी ठेवा.