राजाचं कपाळ आणि पैलवानाची ढाक

आमच्या घरात कॅमेऱ्याचा विषय निघाला तो माझ्या हौसेपायी नव्हे, दोन गिऱ्हाइकांपायी. पहिलं गिऱ्हाईक मामा. बेळगावच्या शहापुरात त्यांच्या हॉलमध्ये तीन फुटी टाकी आहे आणि तीत एकटाच राहणारा फ्लॉवरहॉर्न. एकटा, कारण सोबतीला सोडलेला कुठलाही मासा त्याने ठेवलेला नाही. नाव राजा. १९९०च्या दशकात मलेशियाकडे संकरातून निघालेली ही जात. कपाळावर टेंगूळ येतं, आणि टेंगूळ जितकं मोठं तितकी घराला बरकत, असं पाळणारे मानतात. राजाचं टेंगूळ जोरात वाढतंय. बरकतीबद्दल मामा अजून काही बोललेले नाहीत.

दुसरं गिऱ्हाईक माझा चुलतभाऊ. खानापूर तालुक्यात गावाकडं असतो, कुस्ती खेळतो. यात्रेच्या फ्लेक्सवर त्याला डाव मारतानाचा फोटो हवा. दंड फुगवून उभा राहिलेला नको, "तसले सगळेच लावत्यात."

म्हणजे एक काचेआड फिरणार, दुसरा मातीत लोळणार, आणि दोघांपैकी कुणीही "जरा थांबा" म्हटल्यावर थांबणार नाही. त्यासाठी माझ्याकडे उद्यमबागेतल्या फौंड्रीचा बोनस, म्हणजे घरखर्च जाऊन तीस हजार.

सल्ल्यांना तोटा नव्हता. गणपत गल्लीत भाजी घेताना भेटलेला वर्गमित्र असो की सोसायटीचा वॉचमन, पहिला प्रश्न ठरलेला: "मेगापिक्सेल किती?" शेजारचे काका तर पुढे जाऊन म्हणाले, "माझ्या मोबाइलला एकशे आठ हाईत, तू चोवीसचा घेऊन काय करणार?" मी मोबाइल मागून घेतला आणि राजाचा फोटो काढला. एकशे आठ मेगापिक्सेलचा धूर आला.

खरी गोष्ट कळली ती कॅम्पात कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या अण्णांकडून. अण्णा कानडी, मराठी आणि स्क्रू ड्रायव्हर तिन्ही सारख्याच सफाईने वापरतात. मी मासे, कुस्ती, तीस हजार अशी सगळी कर्मकहाणी सांगितली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "बेळकु कडिमि ऐत्री." उजेड कमी आहे. बाकी सगळे आजार त्यातूनच, असं त्यांचं निदान.

मग त्यांनी बिलाच्या पाठीवर गणित मांडलं. छोट्या खिशातल्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा तुकडा, सहा बाय साडेचार मिलिमीटर, म्हणजे मसुराच्या दाण्याएवढा. डीएसएलआरचा, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या साध्या कॅमेऱ्याचा, साधारण बावीस बाय पंधरा. क्षेत्रफळ बारा पट. पोहणारा मासा धरायला शटर, म्हणजे उजेड आत सोडून मिटणारा पडदा, निदान १/१२५ सेकंद, चपळ असेल तर १/२५०. कुस्तीला १/५००च्या खाली उतरायचं नाही. १/६०वरून १/५००वर गेलं की उजेड एक अष्टमांश उरतो. आणि कॅमेऱ्याबरोबर फुकट मिळणारी १८-५५ची लेन्स झूम केल्यावर एफ ५.६च्या पुढं उघडत नाही; एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं. याउलट ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स तिच्या साडेनऊ पट उजेड आत घेते. शटरने जेवढा खाल्ला तेवढा लेन्सने भरून दिला, हिशेब मिटला. हिशेबनीस असल्याने मला हे लगेच पटलं. ताळेबंद जुळला की मी कशालाही हो म्हणतो.

म्हणजे बॉडी, लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, जुनी घ्यायची आणि पैसे काचेत घालायचे. एका दुकानदाराने मला निकॉनची डी३५०० आणि सोबत जुनी ५० एफ १.८ डी लेन्स "सेट करून" द्यायची तयारी दाखवली. किंमत सुरेख होती. फक्त त्या लेन्सला फोकस करायला बॉडीत मोटर लागते, आणि डी३५००मध्ये ती नाहीच. विचारल्यावर म्हणतो, "हातानं फिरवायचं की वो, त्यात काय!" राजा शेपटी हलवून टाकीच्या त्या टोकाला जाणार आणि मी इकडं रिंग फिरवत बसणार. मी नमस्कार केला आणि दुसऱ्या ठिकाणी कॅननची वापरलेली १५००डी आणि पोटातच मोटर असलेली ५० एफ १.८ एसटीएम लेन्स घेतली.

आता राजाकडे. सरळ फ्लॅश मारला की काचेवर पांढरा गोळा उमटतो. तो फोटो बघून मामींनी हात जोडले, "केवढं तेज आलंय बाई!" फ्लॅश बंद केला. मग काचेत मी, माझ्यामागचा टीव्ही, टीव्हीवरची मालिका, सगळं दिसायला लागलं. यावर उपाय म्हणजे लेन्स काचेला टेकवायची. टेकवली. राजाला वाटलं दुसरा नर आला. तो गलफडं फुगवून थेट लेन्सवर चालून आला आणि काचेला नाक लावून उभा राहिला. एवढी पोझ त्याने जन्मात दिली नसेल. पण ५० एसटीएम पस्तीस सेंटिमीटरच्या आतलं काही बघू शकत नाही. लेन्स घुर्र करत पुढे गेली, मागे आली, पुन्हा गेली. लांब धरली तर टीव्ही दिसतो, जवळ धरली तर राजा दिसत नाही.

शेवटी माळ्यावरचं घोंगडं काढलं. टाकीपासून दोन फुटांवर खुर्ची, खुर्चीवर मी, माझ्यावर आणि कॅमेऱ्यावर घोंगडं, फक्त लेन्सचं तोंड बाहेर. मागून येणारा उजेडच बंद केल्यावर प्रतिबिंब कशाचं पडणार? युक्ती रास्त होती, पण शेजारची पोरगी विरजण मागायला आली आणि वाटी तिथंच टाकून पळाली.

तरी मामांचं समाधान नाही. एफ १.८वर डोळा कापल्यासारखा स्पष्ट आला होता, खवल्यांवरचे मोत्यासारखे ठिपके मोजावेत असे. मामांनी स्क्रीन दोन्ही बाजूंनी फिरवून बघितली. "डोळा र्‍हाऊ दे. कपाळ कुठाय?" एवढ्या उघड्या लेन्सला इतक्या जवळून जेमतेम सेंटिमीटरभर खोली फोकसमध्ये मिळते, आणि राजा तिरपा उभा होता. लेन्स एफ ४वर आणली, कपाळ आलं, उजेड गेला. मग टाकीवर दुसरा एलईडी दिवा आणून ठेवला, तो नेमका स्वस्तातला. विजेबरोबर सेकंदाला शंभरदा फडफडणारा. शटरचा वेग वाढवला की राजाच्या अंगावर आडवे काळे पट्टे. मामा म्हणाले, "आजारी पडला की काय?" दिवा बदलला, शटर १/२००, आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता १६००, आणि अखेर कपाळ, डोळा, तोंड एका ओळीत आले. मामांनी तो फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. आमच्या लग्नाचा एवढा पाठवला नव्हता.

कुस्तीचं त्यामानाने सोपं गेलं. १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिजने धावत्या घोड्याचे फोटो काढले तेव्हा ओळीने बारा कॅमेरे लावले होते आणि पाठीशी लेलँड स्टॅनफर्ड हा रेल्वेवाला धनिक होता. माझा एक कॅमेरा, सेकंदाला तीन फोटो. एका सेकंदात पैलवान उचलला जातो, उलटा होतो आणि पडतो, त्यातला उलटा होण्याचा क्षण हमखास दोन फोटोंच्या मधे सापडतो. पहिल्या चार जोडींत मला पंचांची पाठ फार सुंदर मिळाली. शेजारी बसलेले एक म्हातारे वस्ताद बराच वेळ बघत होते. म्हणाले, "पोरा, बटन दाबून धरालाईस कशाला? पायाकडं बघू नको. कंबर बघ. कंबर आत शिरली की ढाक बसलीच." ढाक म्हणजे समोरच्याला कंबरेवर घेऊन उलटा टाकायचा डाव. भावाची जोड लागली, हलगी चढली, मी कंबरेवर डोळा ठेवला आणि ती वळताक्षणी एकदाच बटण दाबलं. समोरचा आडवा हवेत, भावाचे दात आवळलेले, मागे तांबड्या मातीचा फवारा. त्या एका फोटोपुढं तीस हजार मला स्वस्त वाटले.

फ्लेक्सवाल्याने माती कापून टाकली आणि मागे वाघ लावला.

खाली शुभेच्छुकांच्या ओळीत मामांनी पैसे भरून जागा घेतली होती. तिथं गोल चौकटीत मामांऐवजी राजा आला. चूक फ्लेक्सवाल्याची की मामांनीच तोच फोटो पाठवला, हे मामा सांगत नाहीत. वेशीवरच्या त्या फ्लेक्सखाली गावातले एक बैलवाले मला थांबवून म्हणाले, "ते टेंगूळवाले पाव्हणे कोण असू देत, फोटो झ्याक आलाय. आमच्या जोडीचा काढ की, पळताना. खरं लांबून काढायला लागंल हं, जवळ आलास तर तुडवतील." लांबून म्हणजे ७०-३०० झूम. तीत उजेड पुन्हा एफ ५.६वर येतो. घरी येऊन मी बायकोला एवढंच विचारलं की यंदा बोनस लवकर होणार असं ऐकलंय का. ती म्हणाली, झाला, आणि मिक्सरही आला.