मुलांच्या इंग्रजीला मराठी घराचे वावडे नाही

मराठी शाळांतील मुलांचे इंग्रजी कच्चे का राहते, हे समजावून सांगणारा एक लांबलचक संदेश सध्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. त्या संदेशाचे म्हणणे असे: भाषा आणि संस्कृती वेगळ्या करता येत नाहीत, म्हणून इंग्रजी हे इंग्रजांच्या संस्कृतीतूनच शिकले पाहिजे. प्राथमिक शाळेच्या इंग्रजी पुस्तकांत आपले सण, आठवड्याचा बाजार आणि एसटीचा प्रवास आणून मुलांचे नुकसान केले जाते. नव्या शैक्षणिक धोरणालाही हे मान्य नाही. आणि मूल सात वर्षांचे होईपर्यंत घरात मराठी बोलणे बंद ठेवावे, असेही त्या संदेशात ठामपणे सांगितले आहे. माझ्या धाकट्या बहिणीने तो संदेश मनावर घेतला आणि अमलातही आणला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होते आहे. पहिलीत शिकणारा माझा भाचा शाळेतून आला की कोण कोणाशी भांडले, बाई कोणावर रागावल्या, डब्यातली चकली कोणी पळवली, हे सगळे एका दमात सांगत असे. आता तो ‘स्कूल वॉज गुड’ एवढे म्हणून गप्प बसतो. आजीला इंग्रजी येत नाही, म्हणून तिच्याशी त्याचे बोलणे जवळजवळ थांबलेच आहे. बहिणीचे इंग्रजी कार्यालयीन कामापुरते चांगले आहे, पण रुसलेल्या मुलाची समजूत काढायला किंवा झोपताना गोष्ट रंगवून सांगायला ते पुरत नाही, आणि तसे ते पुरावे अशी अपेक्षाही कोणी करू नये. घडलेली गोष्ट क्रमाने सांगणे, कारण देणे, ‘असे झाले असते तर’ असा विचार करणे, ही सारी भाषेची कामे मूल घरातल्या मोठ्या माणसांशी मनसोक्त बोलत असताना शिकते आणि पुढे दुसऱ्या भाषेत शिरताना हीच शिदोरी त्याच्या उपयोगी पडते. ती काढून घेऊन त्याच्या हाती चार तुटक वाक्ये देण्याला इंग्रजीचा पाया घालणे म्हणता येणार नाही.

पुस्तकातल्या सणांवर आणि बाजारावर घेतलेला आक्षेपही तपासण्यासारखा आहे. १९७९ साली मार्गारेट स्टेफेन्सन, चित्रा जोग-देव आणि रिचर्ड अँडरसन या अभ्यासकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी अमेरिकेत राहणाऱ्या भारतीयांना आणि अमेरिकी वाचकांना इंग्रजीत लिहिलेली दोन पत्रे वाचायला दिली होती. एकात अमेरिकी लग्नाचे वर्णन होते आणि दुसऱ्यात भारतीय लग्नाचे. दोन्ही गटांनी आपल्याकडच्या लग्नाचे पत्र अधिक वेगाने वाचले, त्यातले अधिक तपशील लक्षात ठेवले आणि परक्या लग्नाच्या पत्राचे अर्थ मात्र आपल्या समजुतीप्रमाणे फिरवले. अमेरिकी वधूने आजीचा लग्नातला पोशाख घालणे हा तिथल्या प्रथेतला कौतुकाचा भाग, पण एका भारतीय वाचकाच्या आठवणीत उरले ते एवढेच की पोशाख फार जुना आणि फॅशनबाह्य होता. त्याला शब्द कळले होते, तरी प्रसंग कळला नव्हता. इंग्रजीत मुरलेल्या प्रौढांची ही गत होत असेल, तर जेमतेम अक्षरे जुळवणाऱ्या मुलासमोर अनोळखी लिपी, अनोळखी शब्द आणि अनोळखी जग एकाच वेळी ठेवून आपण नेमके काय साधणार आहोत?

याचा परिणाम मुलांच्या वह्यांत दिसतो. ‘माझी न्याहारी’ या विषयावर इंग्रजीत पाच वाक्ये लिहायला सांगितली की सकाळी दूध-भाकरी खाऊन आलेले मूल गाइडमधले ब्रेड, बटर आणि जॅम उतरवून काढते, आणि त्याला पैकीच्या पैकी गुणही मिळतात. इंग्रजी ही आपल्याबद्दल खरे सांगण्याची भाषा नाही, हा धडा त्याला त्या वहीतून मिळतो, आणि पुढे बारावीपर्यंत ते निबंध पाठ करून लिहीत राहते. भाकरीला इंग्रजीत भाकरीच लिहिले तरी चालते, असे बाईंनी एकदा सांगितले तर तेच मूल ती कोणी थापली आणि कशाशी खाल्ली, हेही मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगू लागते. मोडके का असेना, ते त्याचे स्वतःचे इंग्रजी असते.

भाषा आणि संस्कृती वेगळ्या होत नाहीत, या विधानात अर्धे सत्य आहे, हे मान्य करायला हवे. इंग्रजीत विनंती कशी करावी, नकार कसा द्यावा, अनोळखी माणसाशी कसे बोलावे, हे शिकवावेच लागते. जॉनचा राजू करून बाकीचा धडा तसाच ठेवणाऱ्या पुस्तकांचे समर्थनही मी करणार नाही, आणि बर्फाची किंवा समुद्रापलीकडच्या मुलांची गोष्ट पुस्तकात नकोच, असेही माझे म्हणणे नाही. पण इंग्रजी ही फक्त इंग्रजांची, हे गृहीतक टिकत नाही. साहित्य अकादमी ज्या २४ भाषांतील साहित्याला पुरस्कार देते, त्यांत इंग्रजी आहे. अरुण कोलटकरांनी खंडोबाच्या जेजुरीवर इंग्रजीत कविता लिहिल्या आणि त्या संग्रहाला १९७७ साली राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. खुद्द इंग्लंडच्या २०१४च्या प्राथमिक अभ्यासक्रमातही इतर संस्कृतींतील पुस्तके मुलांनी वाचावीत असे म्हटले आहे.

धोरणाचा दाखला तर सरळ खोटा आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत घरची किंवा स्थानिक भाषा हेच शिक्षणाचे माध्यम असावे, असे नमूद केले आहे. मुलाचे घर आणि परिसर शिक्षणाबाहेर ठेवण्याची ही भूमिका नव्हे.

मराठी शाळांतील अनेक मुलांचे इंग्रजी कच्चे राहते, ही तक्रार मात्र खरी आहे. महाराष्ट्रात २०००पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, तरी आजही कित्येक वर्गांत इंग्रजीचा तास म्हणजे फळ्यावरची उत्तरे उतरवून घेणे असतो. ज्या पालकांना याची काळजी वाटते, त्यांनी घरातली मराठी बंद करण्याऐवजी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत जाऊन विचारावे, की इंग्रजीच्या तासाला मुले स्वतःहून किती बोलतात, वर्गात इंग्रजी गोष्टींची पुस्तके आहेत का आणि ती मुलांच्या हाती पडतात का, आणि इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंना शेवटचे प्रशिक्षण कधी मिळाले होते.