पाण्याकाठी चालायचे असेल तर आधी महिना ठरवा

पुण्यात नोकरीनिमित्त राहणारा माझा भाचा आणि त्याचे मित्र दर वर्षी विचारतात की, एका दिवसात चालून परतता येईल अशी पाण्याकाठची चांगली वाट साताऱ्याकडे कोणती. मी हल्ली त्यांनाच उलट विचारतो, ‘कोणत्या महिन्यात येणार?’

असे विचारण्यामागे अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी याच भाच्याला मी एप्रिलअखेर कोयनेच्या जलाशयाकाठच्या बामणोली गावाला नेले होते. पाणी इतके मागे सरले होते की होडीपर्यंत पोहोचण्यासाठी भेगाळलेल्या गाळावरून बरेच उतरावे लागले, आणि ज्या निळ्या काठाचे वर्णन मी वाटेत करत होतो तो काठ तिथे नव्हताच. चूक माझी होती. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेकडचे मोठे पाणी बहुतांशी धरणांचे आहे: वेण्णेवर कण्हेर, उरमोडीवर उरमोडी धरण आणि कोयनेवर शिवसागर. पावसाळ्यात हे जलाशय भरतात आणि पुढे वीज, शेती व पिण्यासाठी पाणी वापरले जाईल तसतसा त्यांचा काठ खाली सरकत जातो. त्यामुळे जागा तीच असली तरी डिसेंबरातली वाट आणि मे महिन्यातली वाट या दोन वेगळ्या वाटा असतात.

जलाशयाकाठची माझी सर्वांत आवडती वाट वासोटा किल्ल्याची आहे आणि तिचा काळ ऑक्टोबरअखेरपासून जानेवारीपर्यंतचा. साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला जायचे, वनखात्याची परवानगी घ्यायची आणि शिवसागरातून होडीने मेट इंदवलीला उतरायचे. तिथून कोयना अभयारण्यातली चढण सुरू होते. सुरुवातीला ओढ्याची सोबत असते, मग दाट झाडी आणि दम काढणारा चढ. माथ्यावरून एका बाजूला जलाशयाचे फाटे डोंगरांत शिरलेले दिसतात आणि दुसऱ्या बाजूला बाबू कड्यापाशी जमीन एकदम कोकणाकडे तुटते. या पाण्याखाली गावे गेली आहेत आणि तिथली माणसे आपले घरदार सोडून दूरवर वसली आहेत, हे सोबतच्या मुलांना मी होडीतच सांगतो. ते ठाऊक असलेला माणूस त्या पाण्यात बाटली फेकणार नाही, अशी माझी खात्री आहे.

उन्हाळ्यात यायचे असेल तर मी संगम माहुली सुचवतो. शहरापासून जेमतेम पाच किलोमीटरवर कृष्णा आणि वेण्णा एकत्र येतात. घाट, विश्वेश्वराचे आणि रामेश्वराचे मंदिर, थोरले शाहू महाराज व महाराणी ताराबाई यांच्या समाध्या असा हा काठ आहे, आणि रामशास्त्री प्रभुणेही याच माहुलीचे. नदी उतरलेली असताना सकाळी सहाला पोहोचून दोन-तीन तास शांतपणे हिंडता येते. पुढे लिंब गावातली बारा मोटांची विहीर पाहावी, कारण दुपारच्या उन्हात त्या दगडी विहिरीतल्या गारव्यासारखे सुख नाही.

पावसाळ्यात मात्र मी कोणालाही काठावर पाठवत नाही. कृष्णेवरच्या धोम धरणातून आणि कण्हेरमधून विसर्ग सुरू झाला की माहुलीच्या पायऱ्या पाहता पाहता पाण्याखाली जातात. वासोटाही त्या दिवसांत बंद असतो. ठोसेघरचा धबधबा कठड्याआडून पाहावा, पण ते पाहणे झाले, चालणे नव्हे.

पुण्याहून पहाटे निघून वासोटा करून त्याच रात्री परतणारे अनेक जण आहेत. मला ते पटत नाही. साताऱ्यापर्यंत सुमारे ११० किलोमीटर आणि पुढे बामणोलीचा घाटरस्ता, एवढ्या प्रवासानंतर चढायला निघालेला माणूस सतत घड्याळ पाहतो, कारण अंधारापूर्वी होडीने परतणे भाग असते. या वेळी भाच्याला मी डिसेंबरातला शनिवार कळवला आहे. संध्याकाळी त्याने आमच्याकडे मुक्कामाला यावे, रविवारी उजाडण्यापूर्वी आम्ही निघू. भाकरी, ठेचा आणि प्रत्येकी दोन बाटल्या पाणी घरूनच न्यायचे आहे.